मागची मोटर मधे: एका आरसी बग्गीच्या चॅसीबदलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पिंपरी-चिंचवड परिसरात रेडिओ कंट्रोलच्या गाड्या पळवणाऱ्या हौशी लोकांचा एक गट आहे. बहुतेक जण कारखान्यांत नोकरी करणारे. कुणी टूलरूममध्ये, कुणी क्वालिटीत, एक जण बँकेत. प्रकरण त्यातल्या एकाच्या गाडीचं आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांना इथे नुसतं 'गाडीमालक' म्हटलं आहे, आणि त्यांच्या गाडीचं मॉडेलही सांगितलेलं नाही. मी त्या गटातला. मोजमापं टिपून ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

गाडी एक दशांश मापाची, विजेवरची, फक्त मागच्या चाकांना जोर असलेली बग्गी. सेन्सर असलेली १७.५ टर्नची (म्हणजे तारेच्या तितक्या वेढ्यांची) ब्रशलेस मोटर, दोन सेलची लिपो बॅटरी, आणि नायलॉनची ओतीव, काठ उभे असलेली टबसारखी चॅसी. घडण २०००च्या दशकातली, म्हणजे मोटर मागच्या अॅक्सलच्याही मागे. ही मांडणी त्या काळी सर्वमान्य होती. १९८४ मध्ये अमेरिकेत टीम असोसिएटेडची आरसी१० आली, तिच्यातही मोटर तिथेच होती, आणि पुढची कितीतरी वर्षं बाकीच्यांनीही दोनच चाकांना जोर असलेल्या बग्गीत मोटरीला तीच जागा दिली. कारण सरळ आहे. भुसभुशीत मातीवर मागच्या चाकांवर जितकं वजन, तितकी पकड. समोरची चाकं फक्त वळवायची असतात.

पुढे युरोपात कृत्रिम गवतावर आणि गालिच्यावर शर्यती वाढल्या तशी मोटर अॅक्सलच्या पुढे सरकली. टीएलआर (टीम लोसी रेसिंग) या कंपनीची २२ ही गाडी मालकाला हवी तशी, मोटर मागे किंवा मधे ठेवून, बांधता यायची. २०१३ मध्ये असोसिएटेडनं बी५ आणि बी५एम अशा दोन गाड्या एकदमच काढल्या. पहिलीची मोटर मागे, दुसरीची मधे. कंपनीलाही कुठली चालेल याची खात्री नव्हती असं कुणी म्हणेल, पण मला त्यात शहाणपण दिसतं. जमीन दोन तऱ्हेची होती, म्हणून गाड्या दोन.

आमची जमीनही बदलली. आधी आम्ही एका मोकळ्या जागेत मुरुमावर चालवायचो. तिथे प्लॉटिंगच्या खुणा लागल्या, मग तारेचं कुंपण आलं. मग गटातल्या एकाच्या सोसायटीचं टेनिस कोर्ट मिळालं. आखूड पात्याचं, वाळू भरलेलं कृत्रिम टर्फ. कमिटीच्या अटी होत्या: सकाळी आठच्या आत आटपायचं, टर्फवर तेल सांडायचं नाही, आणि प्लायवूडच्या उड्यांखाली जुनी चटई अंथरायची. बागेच्या हिरव्या पाइपानं ट्रॅक आखायचो.

अडचण

मुरुमावर शहाणी असलेली गाडी टर्फवर पहिल्याच रविवारी बिथरली.

वेगानं वळणाशी आलं की नाक वळायचंच नाही, गाडी सरळ पाइपावर जायची. म्हणून थ्रॉटल सोडून वळवलं, तर नाक वळायचं पण पाठोपाठ मागचा भाग बाहेर फेकला जायचा. आणि टर्फची पकड इतकी की तो भाग मातीवर सरकतो तसा सरकत नसे. टायर रुतून बसायचे आणि गाडी सरळ पलटी. प्रत्येक पलटीला कुणीतरी कोर्टात धावायचं. गाडीमालक वैतागले, आणि त्यांच्यापेक्षा धावणारे जास्त वैतागले.

कारण समजायला फार गणित लागत नाही. मोटरीचं वजन अॅक्सलच्या मागे लटकलेलं असतं, त्यामुळे पुढची चाकं हलकी राहतात. वळण सुरू झालं की तेच वजन टोकाला असल्यानं गाडीचा मागचा भाग फिरायला उशीर लावतो आणि एकदा फिरला की थांबायलाही उशीर लावतो. मातीवर चाकं थोडी घसरून हे सगळं माफ करतात. टर्फ माफ करत नाही.

गटातल्या एकाकडे मधल्या मोटरची नवी गाडी होती. ती त्यांनी एकदा गाडीमालकांच्या हातात दिली. दोन फेऱ्या झाल्यावर गाडीमालक म्हणाले, "माझी गाडी अशी करायची." चॅसीबदलाचा निर्णय खरं तर तिथेच झाला. पुढचे पर्याय नंतर, जरा उपचार म्हणून तपासले गेले. हे नोंदवून ठेवतो, कारण त्याचा परिणाम पुढे दिसतो.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय आहे ती गाडी जुळवून घेण्याचा. उंची कमी करायची, पुढचे टायर बदलायचे, मागचे हब जमेल तितके मागे सारून व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, लांबवायचा, नाकात पितळी वजन घालायचं. खर्च जवळजवळ शून्य. यावर चर्चा झाली ती चहा संपेपर्यंत.

दुसरा, नवी मिड-मोटर गाडी मागवणं. यात अडसर किमतीपेक्षा आयातीचा. कस्टमच्या लेखी अशी गाडी म्हणजे खेळणं. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. त्यावर कुरिअर, त्यावर कर. घरी एवढा आकडा सांगायची गाडीमालकांची तयारी नव्हती.

तिसरा, तयार कन्व्हर्जन किट. एके काळी जुन्या लोकप्रिय बग्ग्यांना मोटर मधे घ्यायची किट छोटे कारागीर बनवत असत. या गाडीसाठीचं कुठे शिल्लक सापडलं नाही.

चौथा, चॅसी स्वतः काढणं आणि भोसरीत कापून घेणं. गाडीमालक दिवसभर कॅडवर बसलेले असतात. भोसरीत पत्रा कापून देणारे त्यांच्या रोजच्या ओळखीचे. साहजिकच पारडं इकडे झुकलं. हौसेत हा हिशेब चूक म्हणता येणार नाही. काही लोकांना गाडी चालवण्यापेक्षा बनवण्यात जास्त रस असतो आणि त्यांनी तो लपवू नये. फक्त "हेच स्वस्त पडेल" असं जे कारण त्यांनी गटाला सांगितलं, ते टिकलं नाही.

आधी काटा, मग कागद

सुरुवात मात्र नीट केली. स्वयंपाकघरातले दोन डिजिटल काटे घेतले, पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर, गाडी बॅटरीसकट पूर्ण सज्ज. एकूण १६२० ग्रॅम, पुढे ५१०, मागे १११०. म्हणजे मागच्या चाकांवर साडेअडुसष्ट टक्के. व्हीलबेस २७५ मिलिमीटर.

मोटर १७० ग्रॅमची. ती जिला जोडलेली असते त्या गिअरबॉक्सचं तोंड मागचं पुढे फिरवलं तर ती अॅक्सलच्या ५० मिमी मागून ५० मिमी पुढे येते, म्हणजे १०० मिमी सरकते. १७० गुणिले १००, भागिले २७५: पुढच्या चाकांवर ६२ ग्रॅम जास्त. गाडीमालक खूश.

इथे पहिला खरा निर्णयाचा मुद्दा आला. मोटर मधे आली की लांब बॅटरीला जागा उरत नाही. १३८ मिमीची जुनी बॅटरी काढून 'शॉर्टी' घ्यावी लागते, ती साधारण ९६ बाय ४७ मिमीची. जुनी २९० ग्रॅमची होती आणि तिचा मध्य मागच्या अॅक्सलपासून १४० मिमी पुढे. नवी २०५ ग्रॅमची, आणि पहिल्या आराखड्यात ती मोटरीला खेटून आडवी बसवली होती, मध्य ११५ मिमीवर. गणित केलं तर जुनी बॅटरी पुढच्या चाकांवर सुमारे १४८ ग्रॅम टाकत होती, नवी टाकणार होती ८६. म्हणजे मोटरीनं दिलेले ६२ ग्रॅम बॅटरीनं जवळपास तितकेच परत घेतले! एकूण वजन उतरल्यामुळे टक्केवारी किंचित सुधारली असती, इतकंच. एवढा खटाटोप करून पुढच्या चाकांवर नवा भार काहीच नाही.

हे कागदावर कळलं म्हणून वाचलं. आराखडा बदलला. ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) आणि रिसिव्हर हे मोटर आणि बॅटरीच्या मधे आले, बॅटरी पुढे सरकली, मध्य १५० मिमीवर. शिवाय तिच्या पट्ट्याच्या भोकांऐवजी लांबट खाचा ठेवल्या, म्हणजे बॅटरी पुढेमागे करता येईल. संपूर्ण कामातली सर्वांत उपयोगी गोष्ट कोणती असं मला विचारलं तर मी मोटरीचं नाव घेणार नाही. मी त्या खाचा दाखवीन.

पत्र्याचा प्रश्न

चॅसी कशाची करायची यावर गटात बरीच वादावादी झाली. कार्बन फायबर दिसायला देखणं आणि हलकं, घनता पाण्याच्या दीडपटीच्या आसपास. एफआर४, म्हणजे सर्किट बोर्डाचा ग्लास-इपॉक्सी पत्रा, थोडा जड, पण चिवट आणि सहज मिळणारा. अॅल्युमिनियम या दोघांहून जड, पाण्याच्या २.७ पट.

हौशी माणसाचा हात आधी हलक्याकडे जातो. इथे गाडी पलटी होत होती, म्हणजे वजन हवंच होतं, फक्त ते तळाला हवं होतं. अॅल्युमिनियमची पट्टी ही गाडीतली सर्वांत खालची वस्तू. तिचं वजन वाढलं की गुरुत्वमध्य खाली येतो. म्हणून अॅल्युमिनियम ठरलं आणि मला ते बरोबर वाटतं. जाडी अडीच मिमी. एम३च्या काउंटरसंक स्क्रूचं डोकं १.७ मिमी खोल असतं, दोन मिमीच्या पत्र्यात ते बसवलं तर खाली पकडायला काही उरत नाही.

पेच पडला पुढच्या भागाचा. या बग्ग्यांचं नाक चॅसीच्या पातळीत नसतं, ते वर उचललेलं असतं, खड्डे झेलण्यासाठी. टबमध्ये हा चढ ओतीवच येतो. सपाट पत्रा घेतला तर तो वाकवावा लागणार. गाडीमालकांनी ६०६१-टी६ हा अॅल्युमिनियमचा कडक प्रकार निवडला होता. भोसरीच्या वर्कशॉपवाल्यांनी ड्रॉइंग पाहिलं, पत्र्यावर नख वाजवलं आणि म्हणाले, "साहेब, टी६ आहे हा. एवढ्या छोट्या रेडियसला वाकवला तर बेंडवर तडकणार. ५०५२ घ्या, हवा तसा वाकेल."

"पण काका, ५०५२ नरम पडेल ना? उडीवरून आपटली की कमरेत वाकेल गाडी."

"मग वाकवूच नका. दोन तुकडे करा आन बोल्ट मारा."

दोघांचंही बरोबर होतं. शेवटी तिसरीच वाट निघाली. गटातल्या एकाच्या माळ्यावर याच मॉडेलचा मधे तडा गेलेला टब पडला होता. त्याचं नाक करवतीनं कापून घेतलं आणि अॅल्युमिनियमच्या पट्टीला चार स्क्रूंनी जोडलं. कंपनीनं बसवलेला चढाचा कोन, स्टिअरिंगची भोकं, पुढच्या हातांच्या (चाकं धरणाऱ्या दांड्यांच्या) पिना, सगळं जसंच्या तसं मिळालं. स्वतः नव्यानं काढलं असतं तर स्टिअरिंगची भूमिती जुळवण्यात पुढचा पावसाळा गेला असता.

मूळ टब मात्र शाबूत राहिला. गाडीमालकांनी तो जपून ठेवला, आणि ते बरं झालं.

बांधणी

धातू कापण्याआधी चार मिमी अॅक्रिलिकचा लेझर कटिंगवर एक नमुना करून घेतला. हा नमुना चालवायचा नसतो, फक्त सगळं जागेवर ठेवून बघायचं. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. मोटरीच्या तारा जिथून बाहेर येतात तिथेच ईएससीची भिंत येत होती, आणि मोटर मागेपुढे सरकवून पिनियन (मोटरीच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) जुळवायला जागाच ठेवलेली नव्हती. ५४० मापाच्या मोटरीचा व्यास ३६ मिमी असतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण पिनियनचे दात बदलले की ती मोटर सरकते हे कॅडवर विसरायला होतं. दोन्ही सुधारणा अॅक्रिलिकच्या भावात झाल्या.

मागच्या शॉकचा टॉवर गिअरबॉक्सच्याच पाठीला बसत असल्यानं गिअरबॉक्स फिरल्यावर त्याची जागा गेली. एफआर४ मधून नवा कापला. एफआर४ कापताना आणि घासताना मास्क लावावा, ती काचेची धूळ आहे. घासकाम ओलं ठेवलं तर उडत नाही.

टबला उभे काठ असतात म्हणून तो पिळला जात नाही. सपाट पट्टीला ती ताकद नाही. तिला दोन्ही बाजूंनी थ्रीडी प्रिंट केलेले काठ लावले. पहिले काठ पीएलए या प्रिंटिंगच्या साध्या प्लास्टिकचे होते. एप्रिलमध्ये गाडी कारच्या डिकीत राहिली आणि काठ केळ्यासारखे वाकले. पीएलए ६० अंशांच्या आसपास नरम पडतं आणि उन्हात उभ्या कारमध्ये तेवढं तापमान सहज होतं. मग पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे केले, ते टिकले.

जुनी बॉडी मोटरीवर बसेना. दुसऱ्या फुटक्या बॉडीचा फुगीर तुकडा कापून चिकटवला. दिसायला ठिगळ, पण झाकण झाकणच.

मोटर उलटी फिरते

बांधून झालं, स्टँडवर ठेवलं, थ्रॉटल दाबला. चाकं मागे फिरली.

विचार केला तर हे होणारच होतं. या गिअरबॉक्समध्ये मोटरीच्या पिनियनपासून डिफरन्शियलपर्यंत दात तीन ठिकाणी भिडतात: पिनियन-स्पर (पिनियनला भिडणारा मोठा गिअर), वरचा शाफ्ट-आयडलर (मधला गिअर), आयडलर-डिफ. पिनियन-स्पर वगळले तर आत गिअर तीन. गिअरबॉक्स जमिनीवर ठेवून गोल फिरवला, तोंड मागचं पुढे केलं, की आतलं काही न बदलताही गाडीच्या दृष्टीनं प्रत्येक शाफ्टची दिशा उलटते. ड्रॉइंगवर एकेका शाफ्टला बाण काढले असते तर दोन मिनिटांत कळलं असतं. टूलरूममधल्या माणसाला हे सुचू नये याची गटात पुष्कळ थट्टा झाली.

सेन्सर नसलेल्या ब्रशलेस मोटरीत कोणत्याही दोन तारा अदलाबदल केल्या की दिशा बदलते. सेन्सर असलेल्या मोटरीत असं करू नये. रोटर, म्हणजे मोटरीचा फिरता गाभा, कुठे आहे हे सेन्सर सांगतो एक आणि तारा करतात दुसरंच, त्यात मोटर किंवा ईएससी जळू शकतो. ईएससीतच तशी सोय असेल तर गोष्ट वेगळी. गाडीमालकांनी योग्य तेच केलं, ईएससीच्या सेटिंगमध्ये मोटरीची दिशा उलटी केली. चाकं पुढे फिरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण कोर्टावर गाडी मरगळलेली. उचल नाही, आणि थोड्याच वेळात मोटरीला हात लावता येईना. इन्फ्रारेड थर्मामीटरनं ऐंशीच्या पुढचा आकडा दाखवला. आधी सगळ्यांनी दोष बॉडीला दिला. मोटर आता झाकलेली आहे, हवा लागत नाही, म्हणून मागे भोकं पाडली. फरक किरकोळ पडला.

खरं कारण मोटरीच्या मागच्या झाकणावर होतं. अशा मोटरींना ते झाकण फिरवून टायमिंग पुढे करता येतं, म्हणजे सेन्सर थोडा आधी इशारा देतो. १७.५ टर्नच्या मोटरीला लोक बरंच टायमिंग देतात. मात्र हे 'आधी' एकाच दिशेपुरतं खरं असतं. मोटर उलटी फिरवली की तेच टायमिंग 'उशिरा' होतं. म्हणजे ही मोटर उशिराच्या इशाऱ्यावर धापा टाकत पळत होती, करंट खात होती आणि तो उष्णतेत घालवत होती.

इथे दुसरा निर्णयाचा मुद्दा. एक उपाय टायमिंग शून्यावर आणण्याचा. तिथे दोन्ही दिशा सारख्या, पण वरचा वेग जातो. दुसरा उपाय गिअरबॉक्समध्ये आणखी एक आयडलर घालून चार गिअर करण्याचा. मग मोटर तिच्या मूळ दिशेनंच फिरेल आणि टायमिंग हवं तेवढं देता येईल. पण त्यासाठी गिअरबॉक्सची केसच नवी करावी लागते.

या निवडीला आणखी एक पदर आहे, तो आम्हाला आधी माहीत नव्हता. मोटरीचा रोटर ज्या दिशेनं वेग घेतो त्याच्या उलट दिशेचा झटका चॅसीला बसतो. चार गिअरच्या रचनेत रोटर चाकांच्याच दिशेनं फिरतो, त्यामुळे थ्रॉटल दाबला की नाक उचलायला मदत होते आणि वजन मागे जातं. निसरड्या जमिनीवर हे हवंच असतं. तीन गिअरच्या रचनेत रोटर चाकांच्या उलट फिरतो आणि नाक खाली राहायला मदत होते. भरपूर पकड असलेल्या जागेवर हे फायद्याचं.

आमच्या टर्फला म्हणूनच तीन गिअर बरे. टेनिसचं आखलेलं कोर्ट २३.७७ मीटर लांब, तिथे वरचा वेग गाठायच्या आतच वळण येतं. टायमिंग शून्यावर आणलं, पिनियनचे दात वाढवून वेग थोडा भरून काढला, मोटर पासष्टच्या आसपास राहू लागली. हा निर्णय गाडीमालकांनी घाईत नाही, थर्मामीटर हातात घेऊन घेतला. पूर्ण प्रकरणात मला तो सर्वांत पटलेला निर्णय.

टर्फवर काय झालं

अंतिम वजन १५९० ग्रॅम, पुढे ५६४. मागचा वाटा साडेअडुसष्टवरून साडेचौसष्टवर आला. आकड्यात चार टक्के, पण गाडी ओळखू येईना. वळणात ब्रेक मारून घालता येऊ लागली, नाक ऐकू लागलं, पलट्या तुरळक झाल्या. उडीनंतर ती जवळजवळ सपाट उतरते, पूर्वी शेपटीवर पडायची. गाडीमालक गटातले सर्वांत वेगवान झाले नाहीत, पण त्यांच्या फेऱ्यांमधला चढउतार कमी झाला. माझ्या मते चॅसी बरी की वाईट हे एका फेरीच्या वेळेपेक्षा यावरून जास्त कळतं.

मोडतोडही झाली. कोर्टाच्या नेटच्या खांबाला एक धडक बसली आणि कापून जोडलेल्या नाकाला स्क्रूंच्या ओळीत तडा गेला. चारही स्क्रू एका सरळ रेषेत होते, प्लास्टिकला ती तिकिटाच्या फाडरेषेसारखीच वाटली असणार. पुढच्या वेळी स्क्रू मागेपुढे घेतले आणि वरून एफआर४ ची एक पट्टी नाकापासून सर्वोच्या (स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरीच्या) मागेपर्यंत टाकली. त्यानंतर तो जोड हलला नाही.

मुरुमावर काय झालं

पावसाळ्यानंतर गटातल्या एकाच्या गावाकडच्या शेताच्या कडेला मुरुमाची जागा मिळाली. सगळे हौसेनं गेले. तिथे मात्र या गाडीची अवस्था दयनीय होती. थ्रॉटल दाबला की मागची चाकं जागच्या जागी फिरायची आणि गाडी स्वतःभोवती गिरकी घ्यायची. पूर्वी तीच गाडी अशा जमिनीवर सगळ्यांना मागे टाकत असे.

बॅटरी खाचेत पार मागे घेतली, गिअरबॉक्सखाली पितळी वजन लावलं, मागचे शॉक नरम केले. गाडी चालवण्याजोगी झाली, पण पूर्वीसारखी नाही. शिवाय तीन गिअरचा जो गुण टर्फवर कामी आला, तोच इथे आडवा आला.

गाडीमालकांनी मग जपलेला मूळ टब बाहेर काढला, कुणाकडून तरी जुना गिअरबॉक्स आणि मागचे हात मिळवले आणि मागच्या मोटरची गाडी पुन्हा उभी केली. आज त्यांच्याकडे दोन गाड्या आहेत. ट्रान्समीटर, बॅटऱ्या आणि मोटर सामाईक. पत्रा, दोनदा केलेले काठ, शॉर्टी बॅटरी, नवे पिनियन आणि हा दुसरा संच असं सगळं जोडलं तर हातफिरती मिड-मोटर गाडी आली असती. गाडीमालक हे मान्य करतात, हसत हसत.

वेगळं काय करता आलं असतं

चहा संपेपर्यंत निकालात काढलेला पहिला पर्याय आधी करून बघायला हवा होता. तो शेवटचा इलाज म्हणून नव्हे, तपासणी म्हणून. हिशेब साधा आहे. ५१० अधिक क्ष, भागिले १६२० अधिक क्ष, हे साडेपस्तीस टक्के, म्हणजे नव्या चॅसीवर पुढे आला तितकाच वाटा, व्हायला पुढच्या अॅक्सलवर सुमारे १०० ग्रॅम लागतात. तेवढं शिसं किंवा पितळ नाकावर दुहेरी टेपनं चिकटवून एक सकाळ घालवली असती, तर वजनाची वाटणी बदलल्यावर नाक ऐकतं का, एवढं तरी पत्रा न कापता कळलं असतं. नाकावरचं वजन टोकाला असल्यानं गाडी वळायला सुस्त राहते, त्यामुळे मधल्या मोटरीचा पूर्ण गुण यात दिसत नाही. पण चाचणीला तेवढं पुरतं.

तीच शंभर ग्रॅमची गाडी मुरुमावरही नेता आली असती. तिथे ती गिरक्या घेताना दिसली असती, तर एकाच गाडीनं दोन्ही जमिनी सांभाळायचा बेत तेव्हाच सुटला असता आणि दुसरा संच मिळवण्याची धावपळ ठरवून, सावकाश, स्वस्तात झाली असती. मूळ टब शाबूत ठेवला म्हणून निदान परतीची वाट राहिली. माळ्यावर तडा गेलेला टब मिळाला नसता तर करवत मूळ टबवरच चालणार होती. तशी खूणही केलेली होती.

गिअरबॉक्सच्या बाबतीत माझं आणि गाडीमालकांचं एकमत नाही. त्यांना वाटतं की सुरुवातीलाच चार गिअरची केस काढायला हवी होती, म्हणजे दोन्ही जमिनींवर मधली मोटर चालली असती. मला ते पटत नाही. मुरुमावर अडचण मुळात वजनाच्या वाटणीची होती, रोटरच्या दिशेनं तिची धार थोडी कमी झाली असती, इतकंच. पण त्यांनी केसचं ड्रॉइंग सुरू केलं आहे, यावेळी प्रत्येक शाफ्टवर बाण आहेत, आणि भोसरीच्या काकांनी नायलॉनचा ठोकळा बाजूला काढून ठेवला आहे.